वडिलांसाठी परदेशातून आलेल्या बेरीच्या कॅप्सूल: हृदयासाठी खरोखर उपयोग होतो का?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे आईवडील चिपळूणला राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. ती दिवाळीत आली तेव्हा बाबांसाठी 'मिश्र बेरी'च्या कॅप्सूलच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन आली. बाटलीवर ब्लूबेरी, बिलबेरी, क्रॅनबेरी आणि ॲरोनिया अशी नावे आहेत, 'हृदय व रक्तवाहिन्यांच्या आरोग्यास साहाय्यक' असे लिहिले आहे आणि एका कॅप्सूलमधील ४०० मिलिग्रॅम अर्क हा १०,००० मिलिग्रॅम ताज्या फळांइतका असल्याचे मोठ्या अक्षरांत छापले आहे. चार फळांपैकी कोणते किती, हे मात्र कुठेही दिलेले नाही.

बाबा ७४ वर्षांचे असून गेली बारा वर्षे त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. सकाळी ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, रात्री ॲटोर्वास्टॅटिन अशी औषधे चालू आहेत. ते रोज दोन कॅप्सूल घेऊ लागल्याला आता तीन आठवडे झाले. मागच्या आठवड्यात फोनवर बोलताना त्यांनी सहज सांगितले की रक्तदाब आता छान असतो, म्हणून चार दिवसांपासून ॲम्लोडिपिन अर्धीच घेतो. "लेकीने एवढ्या लांबून आणले आहे आणि शेवटी फळच आहे ते," असे त्यांचे म्हणणे आहे. त्याहून मला जास्त धास्ती वाटली ती आईची. तिच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे आणि ती रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेते. बाबांना गुण आला असे वाटून तीही गेल्या दहा दिवसांपासून रोज एक कॅप्सूल घेत होती, हे मला काल समजले.

बहिणीचे मन दुखवायचे नाही, पण नुसत्या विश्वासावर हे चालू ठेवायलाही मन धजत नाही. वयस्कर माणसांना अशा पूरकांचा खरोखर काही उपयोग होतो का, होत असल्यास किती, आणि चालू औषधांबरोबर ती घेण्यात धोका आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_औषधशास्त्र

ताई, तुमच्या प्रश्नातील शेवटचा भाग सर्वांत तातडीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. आईंच्या कॅप्सूल आजच बंद करा, वॉर्फरिनची मात्रा मात्र स्वतःहून तसूभरही बदलू नका, आणि उद्याच त्यांची आयएनआर, म्हणजे रक्त कितपत पातळ आहे हे दाखवणारी, तपासणी करून तो आकडा त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवा. दहा दिवस कॅप्सूल घेतल्याचेही त्यांना स्पष्ट सांगा. मी वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षे औषधशास्त्र शिकवले आहे आणि रुग्ण डॉक्टरांना सर्वांत जास्त काय सांगायचे विसरतात असे मला कुणी विचारले, तर 'आयुर्वेदिक', 'हर्बल' आणि 'फळांचे' हे तीन शब्द मी पुढे करीन.

क्रॅनबेरी आणि वॉर्फरिन एकत्र घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये रक्त अपेक्षेपेक्षा जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आल्यानंतर ब्रिटनमधील औषधसुरक्षा समितीने २००३ मध्येच सावधगिरीची सूचना काढली होती. पुढे नियंत्रित परिस्थितीत झालेल्या काही छोट्या चाचण्यांत, नेहमीच्या प्रमाणात क्रॅनबेरीचा रस पिणाऱ्यांमध्ये फारसा फरक आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्या चाचण्या मोजक्याच लोकांवर, ठरावीक प्रमाणात दिलेल्या रसाच्या झाल्या. तुमच्या आई वयस्कर आहेत, त्यांच्या हृदयात धातूची झडप आहे आणि कॅप्सूलमध्ये क्रॅनबेरी किती, हे बाटलीच सांगत नाही. झडप असलेल्या माणसाच्या बाबतीत दोन्ही बाजूंना खाई असते: रक्त जास्त पातळ झाले तर रक्तस्राव, कमी पातळ झाले तर झडपेवर गुठळी. ज्या वस्तूतील घटकांचे प्रमाणच ठाऊक नाही, तिला अशा ठिकाणी जागा नसावी.

आता बाबांविषयी. चार दिवस अर्धी गोळी घेऊनही रक्तदाब चांगला राहिला, यावरून त्यांनी कॅप्सूल लागू पडल्याचा निष्कर्ष काढला असावा. ॲम्लोडिपिन हे शरीरात फार रेंगाळणारे औषध आहे. त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० ते ५० तास लागतात आणि वयस्कर माणसांत त्याहूनही अधिक. त्यामुळे मात्रा कमी केल्याचा पूर्ण परिणाम चार दिवसांत दिसतच नाही, तो आठवडाभराने किंवा त्यानंतर हळूहळू दिसू लागतो, आणि तोवर रोज मोजणारा माणूस निर्धास्त होऊन मोजणेही सोडून देतो. कॅप्सूल चालू ठेवायच्या की नाहीत यावर पुढे सावकाश चर्चा करता येईल. गोळी मात्र आजपासून पूर्ववत घ्यायला सांगा, आणि ती कमी करायचीच असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांपैकी बरेच जण अशी एखादी बाटली पिशवीतून काढून टेबलावर ठेवतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

'हे सगळे थोतांड आहे' असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण या विषयावर चांगले संशोधन झालेले आहे. ब्लूबेरी, जांभूळ, काळी द्राक्षे यांना निळा-जांभळा रंग देणाऱ्या द्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते आणि त्यामुळे वाहिनी सैल पडून रुंदावते. या वायूच्या हृदय-रक्ताभिसरणातील कामगिरीच्या शोधासाठी १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक दिले गेले होते. वय वाढते तसे हे अस्तर सुस्तावते. अँथोसायनिनचा फार थोडा भाग जसाच्या तसा रक्तात पोचतो. बाकीच्याचे आतड्यांतील जीवाणू लहान तुकडे करतात, आणि ते तुकडे अस्तराला मदत करतात असे आज मानले जाते.

ही मदत मोजण्याची पद्धत मोठी सुरेख आहे. हाताभोवती पट्टा आवळून पाच मिनिटे रक्तप्रवाह अडवतात, मग एकदम सोडतात आणि रक्ताचा लोंढा आल्यावर दंडातील रोहिणी किती टक्के रुंदावते ते सोनोग्राफीने पाहतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या आणि रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ६५ ते ८० वर्षे वयाच्या ६१ निरोगी व्यक्तींवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्यांना बारा आठवडे रोज २६ ग्रॅम रानटी ब्लूबेरीची, गोठवून सुकवलेली पूड दिली आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी व लागणारी निरुपयोगी पूड. ब्लूबेरी घेणाऱ्यांची रोहिणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत ०.८६ टक्का अधिक रुंदावली, आणि दिवसरात्र यंत्र बांधून मोजलेला रक्तदाबाचा वरचा आकडा सुमारे ३.६ ने उतरला. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहात मात्र फरक आढळला नाही.

याआधी २०१९ मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेली सहा महिन्यांची चाचणी ५० ते ७५ वयाच्या, पोट सुटलेल्या आणि साखर-चरबी बिघडू लागलेल्या लोकांवर होती व ती ११५ जणांनी पूर्ण केली. रोज एक कप म्हणजे १५० ग्रॅम ब्लूबेरीइतकी पूड घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या सुधारल्या, अर्धा कप घेणाऱ्यांच्या सुधारल्या नाहीत, आणि रक्तदाब तर एक कपवाल्यांचाही बदलला नाही. म्हणजे एका चाचणीत रक्तदाब उतरतो आणि दुसऱ्या, अधिक काळ चाललेल्या चाचणीत जागचा हलत नाही. या दोन्ही चाचण्यांना ब्लूबेरी पिकवणाऱ्यांच्या संघटनांनी पैसा पुरवला होता. त्यामुळे त्या खोट्या ठरत नाहीत, परंतु वाचताना ते ध्यानात ठेवावे.

आता तुमच्या बाटलीवरचे गणित करू. १०,००० मिलिग्रॅम हा आकडा डोळ्यांत भरतो, पण तो म्हणजे फक्त १० ग्रॅम, म्हणजे सात-आठ ब्लूबेरी. बाबा दोन कॅप्सूल घेतात, म्हणजे बाटलीचा दावा शब्दशः खरा धरला तरी २० ग्रॅम फळ झाले. लंडनच्या चाचणीतील पूड १७८ ग्रॅम ताज्या फळांइतकी होती. तिची बरोबरी करायला याच हिशेबाने रोज अठरा कॅप्सूल लागतील, आणि अर्ध्या कपाने, म्हणजे ७५ ग्रॅमने, काही साधले नव्हते हे आपण वर पाहिलेच. फळांच्या वजनाऐवजी अँथोसायनिन किती मिलिग्रॅम आहे, हे बाटलीवर हवे. लंडनच्या पुडीत ते रोज सुमारे ३०० मिलिग्रॅम होते. काही उत्पादक अर्क प्रमाणित करून हा आकडा छापतात आणि त्यांच्या कॅप्सूलमध्ये तो बऱ्यापैकी असूही शकतो. तुमच्या बाटलीवर तो नाही, एवढ्यावरच माझे मत बनते. बिलबेरीच्या अर्कात स्वस्त लाल रंग मिसळून विकल्याची प्रकरणे शास्त्रीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरके बाजारात आणण्यापूर्वी ती परिणामकारक असल्याचे सरकारला सिद्ध करून दाखवावे लागत नाही.

निवृत्त_औषधशास्त्र

ताटवाटी यांनी गणित उत्तम मांडले आहे. त्याला एकच जोड देतो. रोहिणी किती रुंदावली हे मोजणे वेगळे आणि हृदयविकाराचा झटका टळला हे दाखवणे वेगळे. बेरीच्या कॅप्सूल घेतल्याने झटके किंवा पक्षाघात कमी झाले, असे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. अमेरिकेतील ९३,६०० परिचारिकांचा १८ वर्षे पाठपुरावा करून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा ब्लूबेरी-स्ट्रॉबेरी खाणाऱ्या स्त्रियांमध्ये झटक्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले आणि ती बातमी जगभर गाजली. पण त्या स्त्रिया अभ्यासाच्या सुरुवातीला २५ ते ४२ वर्षांच्या होत्या, फळ खात होत्या, कॅप्सूल नव्हे, आणि नियमित बेरी खाणारी व्यक्ती इतर बाबतींतही स्वतःची काळजी घेत असते. संशोधकांनी अशा गोष्टींचा हिशेब केला होता, तरी तो पूर्ण करता येतोच असे नाही.

जवळचे उदाहरण कोकोचे आहे. त्यातील फ्लॅव्हनॉल ही द्रव्ये अँथोसायनिनच्याच घराण्यातली. २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या चाचणीत निम्म्यांना त्यांच्या कॅप्सूल सुमारे साडेतीन वर्षे देऊन पाहिल्या गेल्या आणि २०२२ मध्ये निकाल आला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकूण घटनांमध्ये संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल इतकी घट झाली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, परंतु तो त्या चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, म्हणून संशोधकांनीही पुढील अभ्यासाची गरज असल्याचे म्हटले. तिथे रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल काटेकोर मोजून दिले होते. बेरीच्या बाबतीत आपण अजून त्या पायरीवरही पोचलेलो नाही.

पंचाहत्तरीचा_तरुण

मी डॉक्टर नाही, निवृत्त सर्वेक्षक आहे, त्यामुळे मोजमाप करणे आणि वहीत उतरवणे ही सवय हाडात मुरलेली आहे. तीन वर्षांपूर्वी मीही अशाच कॅप्सूल फेब्रुवारीत सुरू केल्या. रोज सकाळी सात वाजता, चहापूर्वी, पाच मिनिटे शांत बसून दोनदा रक्तदाब मोजायचो आणि सरासरी लिहायचो. फेब्रुवारीत वरचा आकडा १४२ च्या आसपास होता, मेअखेर तो १३३ वर आला. मी इतका खूश झालो की आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्यावर वीस मिनिटांचे भाषणही दिले आणि निदान पाच-सहा जणांना त्या बाटल्या घ्यायला लावल्या.

पावसाळ्यात बाटली संपली आणि आळसाने दुसरी आणली नाही. पुढच्या वर्षी वही चाळताना लक्षात आले की फेब्रुवारीत १४१ आणि मेमध्ये १३४ असे आकडे कॅप्सूलविनाही उमटले आहेत. डॉक्टरांना वही दाखवली तेव्हा ते म्हणाले की थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, उन्हाळ्यात सैलावतात, आणि बहुतेकांचा रक्तदाब ऋतूप्रमाणे असा खालीवर होतोच. संघात जाऊन दुसरे भाषण द्यायला मला त्यानंतर सहा महिने लागले, आणि त्याला पहिल्याच्या निम्मेही लोक आले नाहीत.

ताई, तुमचे वडील दिवाळीनंतर, म्हणजे थंडीच्या तोंडाशी, कॅप्सूल घेऊ लागले आहेत, त्यामुळे त्यांची चूक माझ्यापेक्षा उलट दिशेची ठरू शकते. पुढे जानेवारीत आकडा चढला तर दोष कॅप्सूलचा मानू नका आणि गोळी अर्धी करण्याचा विचार तर मुळीच नको. त्यांनी 'छान' हा आकडा नक्की कधी आणि कसा मोजला, हेही विचारा. जेवल्यावर, गप्पा मारत, मनगटी यंत्रावर घेतलेल्या मोजणीचा भरवसा मला वाटत नाही.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्रीच आईच्या कॅप्सूल थांबवल्या आणि आज सकाळी तिचे रक्त तपासायला दिले आहे. बाबांनी गोळी पूर्ववत सुरू केली, मात्र "फळ अपाय करत नाही" हा हेका सोडलेला नाही. त्यांचा पुढचा मुद्दा असा, की परदेशी बेरी नको तर आपल्याकडे जांभळे, करवंदे आणि कोकम आहेतच, तेव्हा आता रोज दोन वेळा कोकमाचे सार आणि आगळाची सोलकढी घेतो. याला काही हरकत असावी का?

ताटवाटी

बाबांचा विचार निम्मा अगदी बरोबर आहे. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचाच असतो, जांभळाचा आणि पिकलेल्या करवंदाचाही तोच. वांग्याच्या जांभळ्या सालीत आणि नाशिक-सांगलीकडच्या काळ्या द्राक्षांतही ही द्रव्ये असतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा रंगही याच घराण्यातला. ब्लूबेरीवर इतके संशोधन झाले याचे एक कारण तिच्यामागे पैसा असलेली संघटना उभी आहे, हे होय. जांभूळ पिकवणाऱ्या बहाडोलीच्या शेतकऱ्यांमागे तशी कोण उभी राहणार? तेव्हा हंगामात वाटीभर जांभळे खावीत, करवंदे खावीत, त्यांना माझा मनापासून पाठिंबा आहे. मधुमेह नसेल तर द्राक्षेही.

निम्मा विचार चुकतो तो आगळापाशी. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस टिकावा म्हणून आगळात भरपूर मीठ घातलेले असते, आणि आमसुलांनाही कित्येकदा मिठाचा हात लागलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरापेक्षाही कमी मीठ सुचवते. आगळाची सोलकढी दोन वेळा, सोबत लोणचे, पापड आणि कोकणी घर असल्याने कधी सुकट, असे जेवण झाले तर रंगद्रव्यांनी रक्तदाब चार आकड्यांनी उतरवला तरी मीठ तो पुन्हा चढवून ठेवील. अमृत कोकम घ्यावे तर त्यात साखरेचा पाक. यावर सोपा उपाय असा, की बिनमिठाची वाळवलेली कोकमे चिपळूणला ओळखीच्या घरून मिळतील, ती पाण्यात भिजवून सार करावे आणि वरून मीठ बेताचे घालावे. फार वेळ उकळू नये, कारण हा रंग उष्णतेने कमी होतो. मात्र कोकमाच्या साराने रक्तदाब उतरतो असे कुणी चाचणीने दाखवलेले नाही, तेव्हा ते चवीसाठी प्यावे. शिवाय सुक्या मेव्याच्या दुकानातल्या 'क्रॅनबेरी'वर बहुधा साखर चढवलेली असते, आणि केकवरची लाल चेरी म्हणजे पुष्कळदा पाकात मुरवलेले व रंगवलेले आपलेच करवंद असते. त्यांना फळ समजून कुणी खाऊ नये.

तुलना करायचीच असेल तर ती पूर्ण जेवणाशी करावी. अमेरिकेत १९९७ मध्ये ४५९ जणांवरील एका प्रसिद्ध चाचणीत भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही भरपूर असलेला आहार आठ आठवडे दिला होता. ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा नेहमीच्या अमेरिकी आहाराच्या तुलनेत ११ ने उतरला. त्यात मिठाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच ठेवले होते. तेव्हा कॅप्सूलच्या पैशांत रोज एखादी भाजी वाढवता आली आणि लोणचे एका जेवणापुरते ठेवता आले, तर मला अधिक आनंद होईल.

एक आणखी. पालेभाज्या वाढवायच्या म्हणजे आईंच्या वॉर्फरिनचा पुन्हा प्रश्न येतो, कारण त्यांत 'के' जीवनसत्त्व असते. त्यांनी पालेभाजी सोडायची नाही, पण दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायची. अचानक वाढ नको आणि अचानक घटही नको.

वाशिष्ठीकाठ

ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना पुढचे कळावे म्हणून लिहिते. आईचा आयएनआर ३.९ आला, तिचा नेहमीचा आकडा ३ च्या आसपास असतो. डॉक्टरांनी मात्रा किंचित बदलून आठवड्याने पुन्हा तपासणी करायला सांगितली. हे कॅप्सूलमुळेच झाले का, असे मी विचारले. गेल्या आठवड्यात तिला खोकल्यासाठी प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स झाला होता, त्यानेही आकडा चढतो, तेव्हा नक्की कुणाला दोष द्यावा हे सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. त्या कोर्सबद्दलही मला तेव्हाच कळले.

बाबांना मी अठरा कॅप्सूलचे गणित ऐकवले. ते निवृत्त गणित शिक्षक असल्याने बाटली हातात घेऊन त्यांनी ते स्वतः पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर बहिणीला स्वतःच फोन लावला आणि पुढच्या वेळी बाटल्या आणू नकोस, येताना नातवाला मात्र घेऊन ये, असे सांगितले. उरलेल्या कॅप्सूल कपाटात आहेत. दंडावर बांधायचे यंत्र आम्ही इथेच घेतले आणि शाळेतल्या जुन्या दैनंदिनीत रोज सकाळी सातची नोंद सुरू झाली आहे. पहिल्या पाच दिवसांची सरासरी १४६ आहे, त्यामुळे सोमवारी डॉक्टरांकडे जायचे ठरले आहे.